गुड्डूची हजेरी

डोक्यावर हेल्मेट ठेवून शाळेची प्रार्थना म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आवाज सगळ्यांच्या वरचा, आणि हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा घट्ट. समोर मुलं हसू दाबून दाबून लाल होत. प्रार्थना संपली की शेजारचे मास्साब हळूच म्हणत, "भाईसाहब, हेल्मेट." मग सर डोक्याला हात लावून पाहत आणि रोज नव्यानं चकित होत.

हे सर भूगोल शिकवत. शाळा गढ्याला आणि ते राहायचे रांझीला, म्हणजे जबलपूरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज मोपेडवरून यायचं. त्यांचे वडील विदर्भातून कारखान्यातल्या नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. मी त्याच शाळेत सामाजिक विज्ञान शिकवणारी नवखी बाई. आमचं घराणं मराठ्यांच्या काळी चाकरीला आलेलं, त्यामुळे आमच्या घरी मराठी सणासुदीला काढायच्या शालूसारखी वापरतात. सरांना त्याची भारी गंमत वाटे. "ताई, तुमची मराठी लय जपून ठेवेल आहे बाप्पा," ते म्हणत. "तोंड उघडलं का डांबरगोळीचा वास येते."

स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच मराठी. ती आमची गुप्त भाषा आहे अशी माझी समजूत होती. एकदा आम्ही गणिताच्या सरांच्या नव्या विगबद्दल मनसोक्त बोललो. बोलणं संपल्यावर गणिताचे सर शांतपणे म्हणाले, "मेरी ससुराल नागपुर की है." त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्या वाऱ्याला उभी राहिले नाही. आमच्या सरांनी मात्र तिथल्या तिथे विचारलं, "तो फिर बताइए, मांग दाएँ से अच्छी लगेगी या बाएँ से?"

वर्गातही त्यांचे कायदे निराळे. ज्या प्रश्नाचं उत्तर सरांना येत नाही, तो प्रश्न विचारणाऱ्याला खव्याची जलेबी मिळे. डब्यात ती असायचीच. मुलं इतर विषयांत उत्तरं पाठ करायची आणि भूगोलात प्रश्न शोधत हिंडायची. कधी कधी सरांना उत्तर येत असावं आणि ते मुद्दाम हरत असावेत, असा मला संशय होता. मी तसं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "ताई, मले शुगर आहे. जलेबी कोणीतरी खाल्ली पाह्यजे ना."

त्या वर्षी दहावीच्या वर्गांत स्मार्ट बोर्ड लागले आणि शाळेत लगीनघाई उडाली. संस्कृतच्या मास्साबांनी बोर्डासमोर नारळ फोडला, पाणी थेट वायरींवर उडालं, आणि बोर्ड बसवणारे गोहलपूरचे इरफान भैया किंचाळत धावले. मग बाहेरून एक टायवाले प्रशिक्षक आले. प्राचार्या मॅडमचं फर्मान निघालं की प्रत्येक शिक्षकानं सर्वांसमोर उभं राहून आपलं वर्षाचं डिजिटल लक्ष्य सांगायचं.

गणिताचे सर म्हणाले, रोज बोर्ड चालू ठेवीन. हिंदीच्या दीदी म्हणाल्या, प्रत्येक कवितेचा व्हिडिओ दाखवीन. मी उठून ऐटीत सांगितलं की दर आठवड्याला दोन प्रेझेंटेशन बनवीन, तीही रंगीत. प्रशिक्षक खूश. पण प्रत्येकाचं झालं की मागच्या खुर्चीवरून सरांचा एकच प्रश्न येई, "और उससे बच्चा क्या करेगा?"

"देखेगा," गणिताचे सर म्हणाले.

"देख के?"

"समझेगा."

"समझ के?"

गणिताचे सर खाली बसले. माझा नंबर झाल्यावर मलाही तेच विचारलं, आणि मी चिडले. परत खुर्चीवर येऊन त्यांच्या कानाशी त्यांच्याच बोलीत म्हणाले, "सर, काहून छळून राहिले सगळ्यांना?"

"छळून नाई राहिलो ताई. मले खरंच समजत नाई, म्हणून इचारून राहिलो. बोर्ड काय करन ते सगळे सांगून राहिले. पोट्टे काय करतीन, हे कोणीच नाई सांगून राहिलं."

मग त्यांची पाळी आली. आता गोष्ट अशी होती की डिसेंबर संपला की सर निवृत्त होणार होते, आणि दहावीची बोर्डाची परीक्षा त्यानंतर. अर्ध्यावर मास्तर बदलायला नको म्हणून दहावी 'ब' पहिल्यापासूनच मला द्यायची आणि सरांना सहावीत पाठवायचं, असं मॅडमच्या मनात होतं. हे सरांना कळलं होतं. दहावी 'ब'ची ती मुलं त्यांनी सहावीपासून शिकवलेली. सरांच्या घरात म्हणे मुलांची भांडणं, मुलांचे ताप, मुलांच्या आयांच्या तक्रारी, सगळ्यांची जेवताना चर्चा होत असे.

सर हेल्मेटसकट उभे राहिले. "मेरे जाने के बाद परीक्षा है. तब मैं नहीं रहूँगा, यह बोर्ड रहेगा. तो मेरा लक्ष्य यह है कि दसवीं 'ब' मेरे बिना चले, और ऐसी चले कि किसी को मेरी कमी न लगे."

प्रशिक्षक गोंधळले. "सर, लक्ष्य ऐसा हो जिसे नाप सकें. इसे कैसे नापेंगे?"

"मैं चला जाऊँगा, तब नाप लीजिएगा."

मॅडम हसल्या नाहीत. जरा वेळ विचार करून म्हणाल्या, "ठीक है. छमाही तक देखूँगी. बोर्ड चला तो दसवीं आपकी. नहीं चला तो आप छठवीं में, और दसवीं इनकी." इनकी म्हणजे माझी. बैठक सुटली तेव्हा सरांनी, कुणी न सांगता, स्वतःहून हेल्मेट काढलं. मला बरं वाटलं नाही. त्यांचा वर्ग मला हवाही होता आणि नकोही होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्मार्ट बोर्डाचं नाव दहावी 'ब'च्या हजेरीत घातलं.

माझा चौथा तास रिकामा असला की मी त्यांच्या वर्गाच्या दारात उभी राही, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. "नया लड़का आया है," सर वर्गाला म्हणाले. "बड़े घर का है, दिखने में चिकना है, पर आता-जाता कुछ नहीं. गाँव का नाम पूछो तो वो भी तुमको बताना पड़ता है. इसको तुम लोग पढ़ाओगे." मुलांनी त्याचं नाव गुड्डू ठेवलं. नियम एकच. गुड्डूला हात लावण्याआधी उभं राहून सांगायचं: गुड्डू काय करील, आणि आपण काय करू. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर गुड्डू बंद. एक मुलगा म्हणाला, गुड्डू ज्वालामुखीचा व्हिडिओ दाखवील. आणि आपण? "हम देखेंगे, सर." सर म्हणाले, "देखना तो शादी में भी होता है. बैठ जा." दुसऱ्या दिवशी तोच मुलगा सांगत आला की गुड्डू मध्येच थांबेल, आणि पुढे काय होईल ते आपण आधी सांगू. गुड्डू चालू झाला आणि वर्गात असा गलका उठला की शेजारच्या वर्गानं भिंत ठोकली.

हजेरीत एक अडचण होती. आमच्याकडे हजेरीला 'उपस्थित' नाही, 'जय हिंद' म्हणतात. मुस्कान नावाची एक मुलगी होती, तिचा 'जय हिंद' तिलाही ऐकू जात नसावा. नुसते ओठ हलत. सर तिला कधी रागावले नाहीत. म्हणत, "बेटा, रांझी तक सुनाई देना चाहिए. शाम को घरवाली से पूछूँगा." आणि दुसऱ्या दिवशी अगदी गंभीरपणे कळवत, "पूछा. कुछ नहीं सुना बोली." आता सरांनी गुड्डूच्या हजेरीचं काम तिला दिलं. गुड्डूला तोंड नाही, त्याच्या वतीनं हिनं ओरडायचं. पहिल्या दिवशी ओठ हलले, आणि सरांनी गुड्डूची गैरहजेरी लावली. दुसऱ्या दिवशीही. मुस्कानला स्वतःचं नाव कटलं तरी चाललं असतं, पण समोर धडधडीत हजर असलेल्या बिचाऱ्या गुड्डूवर हा अन्याय तिला सहन होईना. तिसऱ्या दिवशी "जय हिंद, सर" असा आवाज आला की मी दारात दचकले. सर उद्या काय सांगतात याकडे सगळ्या वर्गाचे कान. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "घरवाली पूछ रही थी, ये गुड्डू कौन है?"

मग गुड्डू आजारी पडू लागला. ऐन तासाला गोठायचा, मध्येच काळा पडायचा. इतर मास्तर अशा वेळी मॅडमकडे तक्रार करत. सरांनी पालकसभेला इरफान भैयांना बोलावलं, गुड्डूचे पालक म्हणून.

इरफान भैया इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आयाबापांच्या रांगेत बसले. त्यांचा नंबर आला. सर चष्म्यावरून पाहत म्हणाले, "लड़का होशियार है, मैं ना नहीं कहता. पर ध्यान नहीं देता. बीच क्लास में सो जाता है. घर का माहौल कैसा है?"

इरफान भैयांनी मान खाली घातली. "वोल्टेज का माहौल ठीक नहीं है, सर."

"और संगत?"

"संगत में पेन ड्राइव बहुत हैं. सबके लगाता फिरता है, वहीं से बीमारी लाता है."

मागे बसलेल्या एका आईला नीट ऐकू आलं नव्हतं. तिनं इरफान भैयांच्या पाठीवर हात ठेवला आणि कळवळून म्हणाली, "भैया, चिंता मत करो. मेरा वाला भी ऐसा ही था, नौवीं के बाद सुधर गया." मी हसू आवरायला पळत सुटले ती थेट मैदानात. परत आले तेव्हा इरफान भैया पुढच्या वेळी स्टॅबिलायझर आणायचं कबूल करत होते, आणि सर त्यांना पालकाची सही करायला लावत होते.

गुड्डू सुधारला. मुलं त्याला शिकवता शिकवता स्वतः कधी शिकून गेली, हे त्यांना कळलं नाही. अंकित नावाच्या मुलाला पीलिया झाला, कावीळ हो, तेव्हा मुलांनी आपसांत ठरवलं की गुड्डू अंकितला दाखवील आणि आपण अंकितला शिकवू. एका सकाळी हजेरीला अंकितचं नाव आलं आणि बोर्डावर व्हिडिओ कॉलमधून त्याचं पिवळं तोंड उगवलं. "जय हिंद, सर," तो उशीवरून म्हणाला. सरांना इतका आनंद झाला की ते वर्गाबाहेर येऊन मला हाताला धरून आत घेऊन गेले. "पाहा ताई, पाहा. गुड्डूच्या पोटातून अंकित बोलून राहिला. हे मी नाई सांगतलं. पोट्ट्यायनं स्वतःच ठरवलं."

छमाही, म्हणजे सहामाही, आली. मॅडम कोणत्या दिवशी वर्ग बघायला येणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या नेमक्या अशा दिवशी आल्या की त्यांना पाहून माझं धाबं दणाणलं. सर फळ्यावर खडूनं शिकवत होते. गुड्डू बंद होता आणि त्याच्यावर कुणाची तरी ओढणी टाकलेली होती.

"बोर्ड बंद क्यों है?" मॅडम म्हणाल्या. आवाज थंड होता. त्यात मला सहावीचा वर्ग स्पष्ट ऐकू आला.

 त्यांनी मुस्कानकडे पाहिलं. मुस्कान उठली. "मैडम, इसको सजा मिली है. इसने मैया को बंगाल की खाड़ी में भेज दिया."

"किसको?"

"नर्मदा मैया को, मैडम. पूरब तरफ बहा दिया."

झालं असं होतं की विकत आणलेल्या पाठात कुणा शहाण्यानं दक्षिणेकडच्या सगळ्या नद्यांना एकाच दिशेचे बाण काढले होते, आणि त्या लोंढ्यात आमची नर्मदाही पूर्वेला गेली होती. मुलांनी चूक पकडली आणि गुड्डूला शिक्षा फर्मावली: दिवसभर तोंड झाकून उभा. आता मॅडम पक्क्या जबलपूरच्या. दर अमावास्येला ग्वारीघाटावर दिवा सोडणाऱ्या. त्यांचा चेहरा असा झाला की जणू नदीच्या नाही, घरच्या सासूच्या बाबतीत हा प्रकार घडला होता. "हटाओ कपड़ा," त्या म्हणाल्या. "दिखाओ मुझे."

मुलांनी ओढणी काढली. आधी चूक दाखवली, मग नियमाप्रमाणे एकजण म्हणाला, "गुड्डू ऊपर से फोटो दिखाएगा, हम मैया को सही रस्ते से समुंदर तक ले जाएँगे." आणि उपग्रहाच्या चित्रावरून सगळा वर्ग निघाला. ग्वारीघाट आला, भेडाघाट आला, धुआँधारचा धबधबा आला. मुलं ओरडून ओरडून सांगत होती की इथे खडक का कापला गेला, पात्र इथे अरुंद का झालं, नदी इतरांसारखी पूर्वेला का वळली नाही. "धुआँधार पे रुको जरा," मॅडम म्हणाल्या आणि बाकावर बसल्या, बरा होऊन आलेल्या अंकितच्या शेजारी. घंटा झाली. त्या उठल्या नाहीत. "खंभात तक पहुँचा के ही छोड़ो, बीच में छोड़ना ठीक नहीं." खंभातच्या आखातात नर्मदा मिळाली तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले. जाता जाता सरांना म्हणाल्या, "दसवीं आपकी." मग बोर्डाकडे वळून त्याला म्हणाल्या, "और तुम ध्यान से पढ़ो."

डिसेंबर कुणासाठी थांबत नाही. निरोपसमारंभ झाला, शाल झाली, श्रीफळ झालं. सर भाषणात एवढंच म्हणाले की हेल्मेट असतं तर बरं झालं असतं, हार घालणाऱ्यांचे हात डोक्याला फार लागतात. मुलं हसली. बाहेर मोपेडपाशी ते मला म्हणाले, "ताई, आता लक्ष्य नापायचं. तुम्ही नापा. मी नाई येणार पाहाले. आलो तं ते फेल झालं." आणि गेले. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले, आणि गणिताच्या सरांनी मला पाण्याचा ग्लास दिला.

जानेवारीत मी दहावी 'ब'त गेले. हजेरी सुरू केली. मुस्कान आपल्या नावाला 'जय हिंद' म्हणाली, जेमतेम ऐकू आलं. शेवटी मी म्हटलं, "गुड्डू."

मुस्कान तोंड उघडणार तेवढ्यात बोर्डावरच उजेड झाला. "जय हिंद," गुड्डू म्हणाला, आणि त्याच्या पोटातून सर प्रकट झाले. घरच्या खुर्चीत बसलेले, इस्त्रीचे कपडे, आणि डोक्यावर हेल्मेट, पट्टा घट्ट बांधलेला. अंकितसाठी जी सोय होती तीच त्यांनी वापरली होती. सकाळी उठून नेहमीप्रमाणे तयार झाले असणार, दारापर्यंत आले असणार, आणि मग आठवलं असणार. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वर्गानं मात्र टाळ्यांचा कडकडाट केला.

"चलो, किताब निकालो," सर म्हणाले. "आज हम..."

मुस्कान उभी राहिली. "सर, आज गुड्डू क्या करेगा?"

सर थबकले. नियम त्यांचाच. "गुड्डू... मुझे दिखाएगा."

"और हम क्या करेंगे?"

 सगळ्यांना जो प्रश्न त्यांनी वर्षभर विचारला होता, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम लोग पढ़ोगे," शेवटी म्हणाले. "मैं पीछे बैठूँगा."

"तो आवाज बंद कर दूँ, सर?"

हेल्मेट खाली-वर हललं. मुस्काननं त्यांचा आवाज बंद केला. मग चित्र लहान करून बोर्डाच्या अगदी खालच्या कोपऱ्यात सरकवलं आणि पुस्तक उघडलं. आम्ही तो तास शिकलो. मधूनमधून माझी नजर कोपऱ्यात जाई. सरांचे ओठ हलत होते, कुणी चुकलं की हात वर होई, कुणी बरोबर सांगितलं की हेल्मेट डोलत होतं. ऐकू काहीच येत नव्हतं. घंटा झाली तेव्हा मी जवळ जाऊन बोटानं माझ्या डोक्याकडे खूण केली. त्यांनी डोक्याला हात लावला, आणि नेहमीसारखे चकित झाले.

कुणीतरी खाणाखुणा करून मुस्कानला जलेबीची आठवण करून दिली, तशी ती उठली. "सर," ती पडद्याला म्हणाली, "मेरे सवाल का जवाब आपको नहीं आया था." आवाज बंद असला तरी त्यांना ऐकू जात होतं. ते बिनआवाजाचे इतके हसले की फोन पडला आणि आम्हाला रांझीचं छत दिसलं.

शाळा सुटता सुटता इरफान भैयांच्या हाती जलेब्या आल्या, एकीच्या जागी वर्गाला पुरतील एवढ्या.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. नावं संपली. "गुड्डू," मी म्हटलं. सगळा वर्ग बोर्डाकडे बघू लागला. मीही बघत राहिले. बोर्ड काळाच होता. 

मग मुस्कान उठली आणि रांझीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जय हिंद, मैडम."